टर्बो गेला, पण कशानं?

चढाला गाडी ओढेनाशी झाली, सायलेन्सरमधून धूर वाढला, की आमच्या भागात बहुतेक ठिकाणी बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर मिळतं, 'टर्बो गेला.' हे उत्तर बऱ्याचदा खरंही असतं. पण तो कशानं गेला, हे विचारायला कुणी थांबत नाही, आणि मग नवा बसवलेला टर्बोही जुन्याच्या वाटेनं जातो. या खर्चाचा हिशेब सोयाबीनमध्येच करून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. पिकअपचा साधा टर्बो, पॅकिंग, ऑइल, मजुरी असा सगळा हिशेब धरला तर चार-पाच क्विंटल सोयाबीन एका दुपारी बॉनेटखाली जातं. बाजारात हमीभाव हाती पडतोच असं नाही, म्हणजे खरा आकडा त्याहून मोठा. शेतकऱ्याच्या घरात हा खर्च एकदा कसाबसा सोसला जातो. वर्षाच्या आत तोच खर्च पुन्हा उभा राहिला, तर रब्बीच्या बियाण्याला हात घालावा लागतो.

आमच्या भागातलं बेंबळी हे धाराशिव तालुक्यातलं मोठं गाव. स्वतःचं पोलीस ठाणं, आजूबाजूच्या खेड्यांची रोजची ये-जा, चहूकडे काळं रान. सोयाबीन, तूर, हरभरा. ही काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात अशी धरते की पाणंदीत माणसाची चप्पल मागे राहते आणि पाय पुढे जातो. सोयाबीनची रास करायची वेळ आणि परतीचा पाऊस यांची गाठ इथे जवळजवळ दरवर्षी पडते. पन्नास कट्टे भरलेली, नुसती मागच्या चाकांवर चालणारी पिकअप अशा पाणंदीत जागच्या जागी खड्डा करते आणि त्यात बसते. म्हणून इथे चारही चाकांना ताकद देणारी डिझेल गाडी हौसेपोटी कुणी घेत नाही. शहरातले लोक फोर बाय फोर घेऊन डोंगरात फिरायला जातात. इथे तिचा दुसरा गियर दांडा शेतातून माल बाहेर काढायला लागतो.

एके काळी याच रस्त्यांवर काळी-पिवळी जीप धावायची. कमांडरसारख्या त्या जीपच्या डिझेल इंजिनाला टर्बो नव्हता. आवाज मोठा, धूर काळा, ताकद बेताची; पण बिघाड झाला तर रस्त्याकडेला लिंबाच्या झाडाखाली सोडवता यायचा. २००२ साली स्कॉर्पिओ आली आणि टर्बो डिझेल हा शब्द तालुक्याच्या गावांत पोचला. मग धुराचे नियम आवळत गेले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. आज टर्बो नसलेली नवी डिझेल जीप किंवा पिकअप शोधून सापडणार नाही. गाड्या बदलल्या, पण त्या हाकण्याच्या आणि सांभाळण्याच्या सवयी मात्र काळी-पिवळीच्याच राहिल्या. टर्बोच्या अर्ध्याअधिक दुखण्याचं मूळ मला इथेच दिसतं.

टर्बो नेमकं करतो काय, हे नीट पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक लिटर डिझेल पुरतं जळायला ढोबळ हिशेबानं दहा हजार लिटर हवा लागते. अडीच लिटरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर स्वतःच्या ओढीनं ते फार तर पावणेचार हजार लिटर हवा आत घेऊ शकतं. धाराशिवचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचावर. इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा थोडी विरळच, त्यात एप्रिल-मेमधलं चाळीस अंशांच्या पुढचं ऊन तिला आणखी पातळ करतं. हवा कमी म्हणजे डिझेल अर्धवट जळणार, म्हणजे काळा धूर आणि कमी ओढ. दुसरीकडे डिझेलमधल्या उष्णतेचा जवळपास तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून नुसता वाया जातो. या वाया जाणाऱ्या गरम धुराच्या वाटेत एक पंखा बसवायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवायचा आणि त्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, एवढीच टर्बोची कल्पना.

ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. १९०५ साली त्यानं तिचं पेटंट घेतलं, आणि ती नीट चालवून दाखवायला त्याला पुढची वीस वर्षं लागली. एवढी उष्णता आणि एवढा वेग सोसणारा धातूच तेव्हा हाताशी नव्हता. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यानं विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या चौदा हजार फुटांवरच्या डोंगरमाथ्यावर नेलं आणि विरळ हवेत टर्बो इंजिनाची गेलेली ताकद कशी परत देतो, ते दाखवलं. १९२६ मध्ये प्रॉयसन आणि हान्झेश्टाट डान्झिग या दोन जर्मन जहाजांवर ब्यूखीच्या टर्बोनं १,७५० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन २,५०० वर नेलं. तीच वस्तू आज मुठीत मावेल इतक्या पंख्यांची होऊन बेंबळीच्या पाणंदीत पोचली आहे.

वेग मात्र ऐकला की छातीत धस्स होतं. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेत असताना टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखापर्यंत, म्हणजे सेकंदाला अडीच हजार फेरे घेत असतो. एका टोकाला कित्येक शे अंशांचा धूर, त्या टोकाच्या पंख्याचं घरटं भाराखाली लालभडक होतं. दुसऱ्या टोकाला बाहेरची साधी हवा. मध्ये बोटभर लांबीचा दांडा. या दांड्याला बहुतेक गाड्यांत छऱ्यांचं बेअरिंग नसतं. पितळी बुश असतात, आणि त्यांच्या आतबाहेर इंजिनाच्याच ऑइलचा पातळ थर असतो. दांडा धातूला टेकत नाही, ऑइलवर तरंगत फिरतो. ते ऑइल काही क्षण जरी कमी पडलं, घाण आलं किंवा उशिरा पोचलं, तर दांडा धातूला टेकतो. पुढचं सगळं नुकसान त्या टेकण्यातून सुरू होतं.

माझ्या मावसभावाची फोर बाय फोर पिकअप याच दुखण्यानं दोनदा पडली. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. पहिल्या वेळी ओढ गेली, निळा धूर यायला लागला, तेव्हा त्यानं ती शहरातल्या एका गॅरेजात नेली. तिथं नवा टर्बो बसवून मिळाला. गाडी पूर्वीसारखी पळायला लागली आणि सगळे खूश झाले. पुढच्या राशीच्या आधीच पुन्हा तीच लक्षणं. या वेळी मात्र तो गावाजवळच्याच एका मिस्त्रीकडे गेला. पत्र्याचं शेड, समोर उघड्यावर दोन ट्रॅक्टर, भिंतीला अडकवलेले पाने. मिस्त्री आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा ट्रेड केलेला आणि काही वर्षं पुण्याकडे काम करून परत आलेला.

"ओढंनाच गेलीय मिस्त्री, अन् सकाळी सुरू केली की निळा धूर सोडायलीय," मावसभावानं सांगितलं आणि गाडी सुरू करून दाखवायला चावीला हात घातला.

"चावी राहू द्या मालक. आता सुरू करायची नाही."

मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटलं. मिस्त्रीनं गाडी सुरू का करू दिली नाही, याचं कारण डिझेल गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. टर्बोचा दांडा ढिला पडला की ऑइल हवेच्या बाजूला गळून इंटरकूलरमध्ये, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत, साठतं. एका क्षणी ते साठलेलं ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढलं जातं, आणि डिझेल इंजिनाला ते ऑइल इंधन म्हणून चालतं. मग इंजिन आपलंच ऑइल पिऊन पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण चावी फक्त डिझेल तोडते. रेस आपोआप चढत जाते, पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठतो आणि ऑइल संपेपर्यंत किंवा इंजिन फुटेपर्यंत ते पळतं. गियरची गाडी चालत असताना असं झालं तर वरच्या गियरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन दाबून बंद पाडायचं. उभ्या गाडीला हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबून हवा तोडता येते. तिथे हात लावायचा नाही, कापड लावायचं नाही. ते आत ओढलं जातं. आणि रेस चढून गेली असेल तर बॉनेटजवळ जायचंच नाही, लांब व्हायचं. इंजिन नवं घेता येतं.

गाडी थंड झाल्यावरही मिस्त्रीनं लगेच टर्बोला हात लावला नाही. आधी एअर क्लिनरचा डबा उघडला. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज एकेक करून बोटांनी चाचपले, वळणाच्या खालच्या बाजूला विशेष. हा होज आतून चिरला की नुसता बघून कळत नाही. रेसवर दाबाची हवा आली की चीर उघडते, रेस सोडली की मिटते. ओढ जाते, काळा धूर येतो, फुस्स असा आवाज येतो, आणि कित्येकदा चारदोनशे रुपयांच्या क्लिपपायी चांगला टर्बो बदलला जातो. मग त्यानं टर्बोच्या झडपेला जाणारी बारीक नळी पाहिली. काही टर्बोंत जास्तीचा धूर बाहेर काढणारी झडप असते, नव्या गाड्यांत धुराच्या वाटेतल्या पात्या फिरवून दाब कमी-जास्त करायची सोय असते. नळी फुटली किंवा पात्या काजळीनं अडकल्या तर टर्बो शाबूत असूनही गाडी मेल्यासारखी चालते. स्कॅनर लावला तर पी०२९९ हा कोड येतो. तो एवढंच सांगतो की हवेचा दाब हवा तेवढा तयार होत नाही. दाब का होत नाही, हे यंत्र सांगत नाही. कोड वाचून थेट पार्टची ऑर्डर देणं ही सध्याची सर्वांत महागडी सवय आहे.

धुराचा रंगही त्यानं मावसभावाला पुन्हा पुन्हा विचारून घेतला. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे कच्चं डिझेल किंवा पाणी. सुरू करताना निळा की उतारावर रेस सोडून पुन्हा दाबल्यावर निळा, यातही फरक पडतो. रोज किती ऑइल घालावं लागतं, ते कधीपासून, शेवटचा माल कुठून कुठे नेला, गाडी बंद कशी करता, इथपर्यंत प्रश्न गेले. चांगला डॉक्टर पेशंटला बोलतं करतो, तसंच ते होतं.

मग टर्बोच्या तोंडाचा पाइप सुटला. आतून ऑइलनं ओला. मिस्त्रीनं दोन बोटांत पंख्याचं टोक धरलं आणि आधी वरखाली हलवलं. वरखाली थोडा प्ले नव्या टर्बोतही असतो, कारण बुशभोवती ऑइलला जागा लागते. अनेक जण नेमका तोच पाहून चांगला टर्बो भंगारात काढतात. नंतर त्यानं पंखा पुढेमागे ओढून पाहिला. या दिशेला जाणवण्याइतकी हालचाल असताच कामा नये. तिथली मोकळी जागा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आतबाहेर असते. इथे पंखा टकटक वाजत पुढेमागे होत होता. त्यानं मला बॅटरी धरायला लावली. पंख्याच्या अॅल्युमिनिअमच्या पात्यांची टोकं घासून चकाकत होती आणि घरट्याच्या भिंतीवर गोल ओरखडा उमटला होता. टर्बो गेला होता, यात शंका उरली नाही.

इथे पहिल्या गॅरेजचं काम संपलं असतं. या मिस्त्रीचं सुरू झालं.

टर्बो खोलणं हे मुख्यतः गंजलेल्या नटांशी झुंजणं आहे. इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डचे स्टड रोज तापून-थंड होऊन धरलेले असतात. त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ते रात्रभर ठेवले, सकाळी आधी थोडं आवळायच्या दिशेनं आणि मग सोडायच्या दिशेनं पाना फिरवत एकेक नट काढला. घाई केली तर स्टड मुळातून तुटतो आणि मग मॅनिफोल्ड उतरवून ड्रिल मारण्याचं वेगळंच काम निघतं. बॅटरीची वायर काढली, कूलंट उतरवलं, ऑइलचा वरचा पाइप आणि खालचा रिटर्न पाइप सोडवला. टर्बो बाकड्यावर आला.

त्याकडे त्यानं फार पाहिलंच नाही. त्यानं उचलला तो ऑइलचा वरचा पाइप. करंगळीपेक्षा बारीक लोखंडी नळी, दोन्ही टोकांना पोकळ बोल्ट, त्या बोल्टच्या अंगात ऑइल जायची बारीक छिद्रं. टर्बोकडच्या बोल्टच्या दोन छिद्रांपैकी एक पूर्ण बुजलेलं होतं आणि दुसऱ्यातून जेमतेम सुई गेली असती. त्यानं बारीक तार घालून खरवडलं तेव्हा काळे, चकचकीत, कडक कण कागदावर पडले. बोटात दाबले तर चुरा होत नव्हता. मग नळीच्या एका टोकातून डिझेल ओतलं. दुसऱ्या टोकातून धार यायला हवी होती. थेंब आले.

"हा पाइप जुनाच आहे मालक. टर्बो नवा बसवला, पण ऑइल जुन्याच नळीतनं आलं त्याला."

रिटर्न पाइपच्या तोंडाशी दुसरा पुरावा होता. पॅकिंगच्या जागी सिलिकॉनचा गम थापलेला, आणि आतल्या बाजूला त्याची जाड कड लोंबत होती. ऑइल टर्बोत दाबानं येतं, पण बाहेर पडताना त्याला कसलाही दाब नसतो. ते नुसतं उतारानं इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये ओघळतं. ती वाट अर्धी जरी अडली, तरी ऑइल टर्बोत तुंबतं आणि दांड्याच्या दोन्ही टोकांनी बाहेर येतं. अनेकांना वाटतं, टर्बोत रबरी सील असेल आणि ते फाटलं असेल. त्या उष्णतेत रबर टिकणारच नाही. तिथे पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक धातूची रिंग असते, आणि तिचं काम आतबाहेरच्या दाबांच्या मेळावर चालतं. म्हणून रिटर्न तुंबला, किंवा इंजिनाचा ब्रीदर बंद होऊन चेंबरमध्ये दाब साठला, की काल बसवलेला नवाकोरा टर्बोही ऑइल सोडतो. दुकानदार म्हणतो फिटिंग चुकलं, मिस्त्री म्हणतो माल डुप्लिकेट आला, आणि मधल्या मध्ये मालक मरतो.

आता पाइपातले ते काळे कण आले कुठून? याचं उत्तर गाडी हाकण्याच्या पद्धतीत होतं, आणि म्हणूनच मिस्त्री मघाशी 'बंद कशी करता' असं विचारत होता. भरलेली गाडी लो फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या संथ गियरमध्ये, पाणंदीतून ओढताना इंजिन रेसवर असतं, धूर प्रचंड तापलेला असतो आणि गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढा, म्हणजे समोरून गार वारा जवळजवळ नाही. डांबरी रस्त्यावर पोचलं की ड्रायव्हर लगेच चावी फिरवून खाली उतरतो, कट्टे नीट आहेत का बघतो, कुणाशी बोलतो. त्या क्षणी ऑइलचा पंप थांबलेला असतो आणि टर्बोचं धुराकडचं टोक भट्टीसारखं तापलेलं असतं. तिथे अडकलेलं चमचाभर ऑइल जागेवर करपतं. रोज थोडं थोडं करपत जाऊन त्याचा कोळसा होतो आणि नळीच्या सर्वांत बारीक जागी बसतो. यावर उपाय म्हणजे भाराखाली चालवल्यावर गाडी एक-दोन मिनिटं स्लो रेसवर राहू द्यायची, मग बंद करायची. याला पैसा लागत नाही, पण मावसभावाला गाडी विकताना किंवा पहिला टर्बो बसवताना कुणीही हे सांगितलेलं नव्हतं. याचा मला राग येतो. वीस हजारांची वस्तू हातात देताना दोन वाक्यं बोलायला काय हरकत होती?

दुसरं कारण धूळ. मळणी यंत्राशेजारी गाडी उभी असते, सोयाबीनचा भुसा आणि माती दिवसभर हवेत. एअर फिल्टर काळा झाला की पंक्चरच्या दुकानात हवा मारून पुन्हा बसवतात. जवळून जोरात मारलेल्या हवेनं फिल्टरच्या कागदाला न दिसणाऱ्या भेगा पडतात, आणि तिथून गेलेली बारीक माती सेकंदाला अडीच हजार फेरे घेणाऱ्या पात्यांवर पॉलिश कागदासारखी चालते. याच गाडीचा फिल्टर मिस्त्रीनं बॅटरीसमोर धरला तेव्हा दोन घड्यांच्या तळाशी उजेड दिसला. ऑइलचंही तसंच. कंपनीनं सांगितलेले किलोमीटर हे रस्त्यावरच्या चालीसाठी असतात. लो फोरमध्ये दिवसभर राबलेल्या गाडीचा किलोमीटरचा आकडा पुढे सरकतच नाही, ऑइल मात्र पार जळून जातं. ट्रॅक्टरचं ऑइल आपण तासांवर बदलतो, मग शेतात राबणाऱ्या पिकअपचं किलोमीटरवर का? मिस्त्रीचा हा मुद्दा मला अगदी पटला.

टर्बो पूर्ण नवा घ्यायचा की नुसता कोअर, म्हणजे मधला दांडा-पंखे-बुश यांचा जुळवलेला भाग, यावर बराच वेळ बोलणं झालं. कोअर निम्म्या पैशांत पडतो. तो कारखान्यात बॅलन्स करून आलेला असेल आणि जुनी घरटी ओरखडली नसतील, तर काही बिघडत नाही. पण मोकळे बुश आणून जागेवर बदलणं हा प्रकार या वेगाच्या यंत्रात चालत नाही. केसाएवढा तोल गेला तरी दीड लाख फेऱ्यांवर दांडा बुश खाऊन टाकतो. इथे घरट्याची भिंतच घासली गेली होती, त्यामुळे पूर्ण टर्बो घ्यायचं ठरलं. त्याबरोबर नवा ऑइल पाइप, दोन्ही पोकळ बोल्ट, तांब्याचे नवे वायसर, धातूची पॅकिंग, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर.

बसवण्याआधी त्यानं इंटरकूलर उतरवून उभा केला. खालच्या तोंडातून तांब्याभर काळं ऑइल बाहेर पडलं. तो डिझेलनं धुऊन, हवा मारून, उन्हात पूर्ण वाळवला. हे केलं नसतं तर नव्या टर्बोनं पहिल्याच रेसला ते ऑइल इंजिनात ढकललं असतं, म्हणजे मघाशी सांगितलेला तोच धोका. जुन्या पंख्याचा एखादा कपचा आत राहिला असता तर तोही. ब्रीदरचा पाइप फुंकून पाहिला. चेंबरमधलं ऑइल काढलं, नवं भरलं. गमला हात लावला नाही, कारण धातूच्या पॅकिंगला तो लागत नाही आणि ऑइलच्या वाटेत तर तो असूच नये. टर्बो मॅनिफोल्डवर हातानं सरळ बसेल तेव्हाच नट आवळले, आडवे-तिडवे क्रमानं, टॉर्क पान्यानं.

मग त्यानं ऑइलचा डबा घेतला आणि टर्बोच्या वरच्या छिद्रात हळूहळू ऑइल सोडलं. एका हातानं पंखा सावकाश फिरवत राहिला, ऑइल सगळ्या बुशांत पोचेपर्यंत. त्यानंतर पाइप जोडला. इंजिन पेटणार नाही अशी सोय करून, म्हणजे डिझेलचा पुरवठा तोडून, थांबून थांबून थोडा थोडा सेल्फ मारला. रिटर्न पाइप अजून ढिलाच होता. त्यातून नव्या ऑइलची सरळ, न तुटणारी धार खाली धरलेल्या डब्यात पडली, तेव्हा कुठे त्यानं तो पक्का केला. टर्बो बदलताना हा एवढा वेळ न दिल्यामुळे पहिल्या मिनिटातच नवा टर्बो खलास होतो, असं तो म्हणाला. कोरड्या बुशांवर सेकंदाला हजार फेरे म्हणजे काय होईल, ते सांगायला नकोच.

गाडी सुरू झाली. बराच वेळ स्लो रेसवर. कुठे ओलं दिसतंय का, कुठे धूर गळतोय का, ते पाहून मग हळूहळू रेस. सायलेन्सरमध्ये आधीचं ऑइल साठलेलं असल्यानं थोडा वेळ निळसर धूर आला, त्यानं मावसभाऊ घाबरला. मिस्त्रीनं तो जळून जाऊ दिला. संध्याकाळी भरलेली गाडी तुळजापूरकडे नेऊन चढावर दाबून पाहिली. ओढ परत आली होती, धूर नव्हता, शिट्टीचा आवाज स्वच्छ आणि बारीक होता. आल्यावर होजच्या सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळल्या गेल्या.

बिल झालं तेव्हा त्यात पार्टचे पैसे होते आणि फिटिंगची मजुरी होती. कारण शोधायला गेलेल्या वेळाचे पैसे नव्हते. मी विचारलं तर तो म्हणाला, "त्याचे कोण देतंय?" खरंच कुणी देत नाही. पार्ट बदलणाऱ्याला दुकानाकडून कमिशन सुटतं. पाइपच्या छिद्रात तार घालून बसणाऱ्याला काहीच सुटत नाही. म्हणजे आपली सगळी व्यवस्था टर्बो बदलायला उत्तेजन देते आणि टर्बो वाचवायला देत नाही. मावसभावानं तपासणीचे म्हणून वेगळे पैसे दिले. ही रीत सगळ्या गावानं पाडायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मजुरी हातांची असते, तशी डोक्याचीही असावी.

दुसरी अडचण माहितीची. कोणत्या नटाला किती टॉर्क, कोणत्या मॉडेलला किती दाब, नव्या गाडीत पात्यांची मोटर बदलल्यावर ती संगणकाला कशी ओळखू द्यायची, हे सांगणारी पुस्तकं आणि त्यासाठी लागणारी यंत्रं अधिकृत वर्कशॉपबाहेर सहज मिळत नाहीत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला. स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणं ही स्पर्धेची गळचेपी आहे, असं आयोगानं तेव्हा ठरवलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं आणि वाहनं ही दोन्ही क्षेत्रं आहेत. बेंबळीच्या शेडपर्यंत यातलं अजून फारसं आलेलं नाही. मिस्त्री टॉर्कचे आकडे पुण्यातल्या जुन्या सोबत्याला फोन करून विचारतो आणि शेडच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवतो. पावसाळ्यात ओल येते, तेव्हा पुन्हा लिहितो. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांना जुन्या इंजिनाबरोबर एक फाडलेला टर्बो, एक बुजलेला पाइप आणि एक फाटका फिल्टर हाताळायला मिळाला, तरी तालुक्याचे कितीतरी लाख वाचतील.

चार-पाच फेऱ्या झाल्यावर मिस्त्रीनं गाडी परत बोलावली. नवं ऑइल इतक्या लवकर बदलायचं म्हटल्यावर मावसभाऊ कुरकुरला, पण ते त्याला बदलायला लावलं. जुना फिल्टर करवतीनं कापून त्याचा कागद त्यानं बाकड्यावर पसरला आणि बॅटरीच्या उजेडात घडी-घडी उलगडून पाहिली. चकाकणारा धातूचा कण एकही नव्हता, म्हणजे बुश शाबूत होते. काळे कडक कण मात्र अजून होते, मोहरीएवढे दोन-तीन आणि बाकी बारीक. इंजिनात कुठेतरी अजून कोळसा बसलेला आहे आणि तो सुटतोय. चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी साफ करायला हवी, असं त्याचं मत पडलं. हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती, गाडी दोन दिवस उभी ठेवणं शक्य नव्हतं. पेरणी उरकली की चेंबर काढायचा आणि तोवर दर तीन हजार किलोमीटरला फिल्टर कापून बघायचा, असं दोघांचं ठरलं. मिस्त्रीनं पत्र्यावर गाडीचा नंबर आणि त्या दिवशीचं रीडिंग खडूनं लिहून ठेवलं.